चौथी स्मार्ट काठी

यंदाच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनला तुम्ही आला असाल तर आठवत असेल, लॅबच्या दाराजवळच्या टेबलावर एक पांढरा पीव्हीसी पाइप ठेवला होता. खाली अल्ट्रासॉनिक सेन्सर, वर आर्डुइनो, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक बझर. मागच्या चार्टवर मोठ्या अक्षरात ‘स्मार्ट ब्लाइंड स्टिक’. मी या कॉलेजात आल्यापासून पाहिलेली ही चौथी. पहिल्या वर्षी सीनियर्सची एक पाहिली, मागच्या वर्षी दोन होत्या, आणि ही यंदाची. एक्स्टर्नल सरांनी बझर वाजवून पाहिला, “गुड, व्हेरी सोशल” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मी सहज विचारलं, “टेस्टिंग कुणावर केलं रे?”

“अरे रूममेटच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला ना! कॉरिडॉरमध्ये चालवला पूर्ण. एकदाही नाही धडकला बे!”

सगळे हसले, मीही हसले. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मला हसायचा काहीच हक्क नव्हता. त्या प्रोजेक्ट रिपोर्टमधला ‘सोशल रेलेव्हन्स’चा परिच्छेद मीच लिहून दिला होता. कॉन्व्हेंटची आहे, इंग्रजी बरं आहे, म्हणून ब्रँचमधले सगळे मलाच पकडतात. मी पण कँटीनच्या एका समोशावर दहा ओळी खरडून दिल्या होत्या. त्यात ‘अंध बांधवांच्या जीवनात प्रकाश’ वगैरे सगळं होतं. अंध माणसाशी मात्र मी तोपर्यंत आयुष्यात पाच मिनिटंसुद्धा बोलले नव्हते. (आता हा लेख मराठीत लिहायला घेतलाय, तर ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. कॉन्व्हेंटचा दुसरा परिणाम!)

दक्षिण अंबाझरी रस्त्यावर अंध विद्यालय आहे. वाडीहून ऑटो केला तर अर्ध्या तासाच्या आत पोचतो. शंकरनगरला मूकबधिर विद्यालय आहे, तेही त्याच बाजूला. आपण दर शनिवारी त्याच भागातून सीताबर्डीला जातो. त्या चार ग्रुपपैकी एकही तिथे उतरला नाही. उतरले असते तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं की साधी पांढरी काठी जमिनीवरचे खड्डे, पायऱ्या, दगड आधीच उत्तम ओळखते, आणि आपण सेन्सर लावला तो नेमका तिथेच!

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. आयआयटी दिल्लीत २००५ च्या सुमारास बी.टेक.च्या मुलांनी अशीच काठी प्रोजेक्ट म्हणून घेतली होती. प्रा. एम. बालकृष्णन त्यांचे मार्गदर्शक. ती ‘स्मार्टकेन’ बाजारात आली २०१४ मध्ये. सेन्सर तोच, अल्ट्रासॉनिक. मग एवढी वर्षं कशात गेली? काठी प्रत्यक्ष अंध माणसांच्या हातात देण्यात, त्यांचं ऐकून बदलण्यात आणि पुन्हा देण्यात. त्यांची अडचण गुडघ्याच्या वरची होती. झाडाची खाली आलेली फांदी, दुकानाचा बोर्ड, उघडी खिडकी. काठी खालून निघून जाते आणि डोकं आपटतं. शिवाय कान त्यांना रहदारी ऐकायला मोकळे हवे असतात, म्हणून त्या काठीत खबर हाताला मिळते, मुठीत थरथर होते. आपला बझर म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्याच्या कानाशी लावलेला भोंगा.

वाडीत राहणाऱ्याला तर हे कुणी शिकवायची गरजच नाही. संध्याकाळी अमरावती रोडला, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनकडे चक्कर मारा. रांगेने ट्रक उभे. पांढरी काठी ट्रकच्या खालून आरामात जाईल, तिला काही लागणार नाही. मागचा फाळका लागेल तो थेट छातीला. तीन वर्षं आपण त्या ट्रकांच्या मधून वाट काढत चहाला जातो, पण हा विचार चार ग्रुपमधल्या सोळा इंजिनिअरांपैकी एकालाही आला नाही. मला तरी कुठे आला? मला तो दिला आमच्या मेसच्या काकूंच्या मुलाने. तो अंध नाहीये. पण ट्रकच्या फाळक्याशी त्याचं जुनं वैर आहे, कारण तोल गेला की तो धरायला फाळकाच सापडतो आणि हात कापतो.

त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. काठी मध्ये आली.

काकू त्याला बारक्या म्हणतात, म्हणून आम्हीही. वय सोळा, इथल्याच मराठी शाळेत दहावीला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे उजवा हात आणि दोन्ही पाय ताठर. बोलणं जड येतं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निम्मं कळत नाही. डोकं मात्र असं चालतं की विचारू नका. क्रिकेटचे आकडे, बीजगणित, कोणत्या पोरीचे मेसचे किती महिन्यांचे पैसे बाकी, सगळं तोंडपाठ. (हॉस्टेलच्या मुलींनी नोंद घ्यावी.) लिहायला लागला की एक ओळ लिहायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात, आणि ती ओळही कागदावर चढत-उतरत जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा पोळ्या वाढता वाढता काकू म्हणाल्या, “पोरी, तू लिवून देशीन काय वं याचे बोर्डाचे पेपर? मॅडम म्हने रायटर भेटते.”

मी ताबडतोब हो म्हटलं. मनात म्हटलं, दहावीचे पेपर, त्यात काय! मग नियम वाचले. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला पाहिजे. म्हणजे दहावीच्या मुलाला नववीचा किंवा त्याच्याही खालचा.

“काहून नाही चालत? तू त इंजिनेर होऊन राह्यली ना!”

“काकू, म्हणूनच नाही चालत.”

नियम चुकीचा नाही. मी बसले तर पेपर त्याचा राहणार नाही, अशी शंका कुणीही घेईल. पण या नियमाची दुसरी बाजू सांगते. नववीच्या मुलाची स्वतःची शाळा त्याच वेळी चालू असते. दहावीचे पेपर दोन-तीन आठवडे चालतात. जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. एवढा वेळ, एवढे दिवस आपलं पोरगं दुसऱ्याच्या पेपरला कोण पाठवतो? काकूंनी पाच घरं पालथी घातली. एका घरी म्हणाले, आमच्या मुलाचा अभ्यास बुडेल. दुसऱ्या घरी म्हणाले, चूक झाली तर आमच्यावर येईल. एका बाईंनी तर स्पष्टच विचारलं, “त्याला दहावी करून करायचं काय आहे?” काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या भाजी ढवळत होत्या, आमच्याकडे बघत नव्हत्या.

त्यात आणखी एक मेख. लेखनिक मिळाला तरी त्याला बारक्याचं बोलणं कळलं पाहिजे. ते एका दिवसात होत नाही, मला स्वतःला दीड महिना लागला. कागदावर सवलत मिळते, शिक्का मिळतो, पण हा दीड महिना कोणत्याच फॉर्मवर नसतो.

सवलत या शब्दावरून आमच्या विंगमध्ये एकदा जोरदार वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, “जास्त वेळ, रायटर, सगळं दिलं तर मग परीक्षा कसली? आम्ही काय वेळ मागतो का?” मी तिला विचारलं, आपली दहावी कोणत्या साली? २०२१. आपली बोर्डाची परीक्षा झाली? नाही! करोनामुळे रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर मार्क्स मिळाले आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. अख्ख्या बॅचला आभाळाएवढी सवलत मिळाली, कारण परिस्थिती तशी होती. तेव्हा आपल्याला कुणी बिचारे म्हटलं नाही, आणि आपण पेढे वाटले. बारक्याची परिस्थिती जन्मापासून तशी आहे, एवढाच फरक. ती गप्प झाली. (पटलं म्हणून की लाइट गेले म्हणून, ते माहीत नाही.)

आता थोडं मागे जाते, कारण या विषयावर मी शहाणपण शिकवावं असा माझा रेकॉर्ड नाही.

मी परतवाड्याची. आमच्या विदर्भात कॉन्व्हेंट म्हणजे नन्स असतीलच असं नाही. नर्सरीपासून टाय आणि मराठी बोललं की दंड, एवढं पुरतं. पाचवीत, म्हणजे २०१५-१६ साली, माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. तोंडी गणितं माझ्याआधी सोडवायचा. वही मात्र कायम अपुरी. फळ्यावरचं उतरवताना शब्द गळायचे, अक्षरं उलटी पडायची, ‘बी’चा ‘डी’ आणि ‘डी’चा ‘बी’. मी वर्गाची मॉनिटर होते. वही अपूर्ण असलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं काम माझं. त्याचं नाव मी रोज लिहायचे. पुढे पुढे तर पुसायचेच नाही, दुसऱ्या दिवशी लागणारच आहे म्हणून. मॅडम म्हणाल्या, “स्मार्ट गर्ल.” वर्ग हसला. तोही हसला.

सहामाहीनंतर त्याच्या आई-बाबांना बोलावून दुसरी शाळा बघा असं ‘सुचवलं’ गेलं. जानेवारीत बाकावर मी एकटीच होते, ऐसपैस बसता येतं याचा मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

मी डॉक्टर नाही, त्याला नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण आठवीत टीव्हीवर ‘तारे जमीन पर’ लागला तेव्हा मी अर्ध्यातून उठून गेले. आईला वाटलं पोट दुखतंय. २००७ चा सिनेमा, म्हणजे आमच्या पाचवीच्या आठ वर्षं आधी तो सगळ्या देशाने पाहिला होता, रडला होता. आमच्या मॅडमनीही पाहिला असणार. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला आपल्या महाराष्ट्राने तर त्याहून आधी, १९९६ मध्ये, देशात पहिल्यांदा सुरुवात केली होती. आणि शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट आहे की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचं, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. काढलं नव्हतंच म्हणा, सुचवलं होतं!

थोडक्यात काय, सिनेमा होता, सवलती होत्या, कायदा होता. वर्गात यातलं काहीही पोचलं नव्हतं. पोचली होती ती माझ्या हातातली खडूची कांडी.

कायद्याचं बोलायचं तर आता २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना आता स्वतःचं नाव मिळालं. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. हे ‘किंवा’ मला महत्त्वाचं वाटतं. हल्ली कुणीही उठून सांगतं की विशेष शाळा जुन्या झाल्या, सगळ्यांना एका वर्गात बसवा. ऐकायला छान आहे. पण बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे मित्र कुठे मिळणार? साठ मुलांच्या वर्गात, जिथे शिक्षकाला त्याची भाषाच येत नाही, तिथे बसवणं म्हणजे त्याला आणखी एकटं करणं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली ती एका आई-वडिलांनी आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या लेकीसाठी. त्या काळी अशा मुलीसाठी शाळाच नव्हती. अशा शाळांनी कित्येक वर्षं एकटीने ओझं वाहिलं आहे, त्यांना आज मोडीत काढायला निघणं हा कृतघ्नपणा होईल. उलट बारक्यासारख्याला विशेष शाळेत पाठवायचं काही कारणच नाही. त्याला हवा आहे तळमजल्यावरचा वर्ग, हात धरायला कठडा, वापरता येईल असा संडास आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारे मास्तर.

हो, संडास. वाचायला बरं वाटत नसेल तर माफ करा, पण सांगते. बारक्या सकाळी शाळेत जाताना पाणी पीत नाही. दुपारी घरी येईपर्यंत पीत नाही. नागपूरच्या उन्हात! का, ते मला कळायला तीन आठवडे लागले, कारण तो सांगायला लाजत होता. मी त्याला शेवटी रागावून विचारलं, डोकं दुखतं रोज तर पाणी का नाही पीत? तर म्हणाला, “ताई, तिथं बसता नाही येत ना.” समावेशक शिक्षणावर कितीही परिसंवाद घ्या, हे एक वाक्य मला विसरता येत नाही.

विशेष शिक्षकांचं त्रांगडं वेगळंच. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये कोर्टाला पुन्हा राज्यांना सांगावं लागलं की पदं तरी जाहीर करा. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदांना मंजुरी दिली, म्हणजे शाळांच्या दर केंद्राला एक. केंद्र म्हणजे आसपासच्या अनेक शाळांचा गट. त्या एकट्या मॅडमनी सगळीकडे फिरायचं. अंध, बहिरा, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, सगळ्यांसाठी त्याच. आपल्याकडे एका प्राध्यापकाला थर्मो, मशिन ड्रॉइंग आणि कम्युनिकेशन स्किल्स एकत्र दिलं तर स्टाफरूममध्ये काय होईल, याची कल्पना स्टाफने करावी! आधी वर्षानुवर्षं हे शिक्षक कंत्राटावर होते, म्हणून या निर्णयाचं मला कौतुकच आहे. पण बारक्याच्या वाट्याला त्या मॅडम किती येतात हे काकूंना विचारा. बाई चांगल्या आहेत, रायटरचं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या दिवसाला तासच कमी पडतात.

आणि हे सगळं अठरापर्यंतचं झालं. पुढे?

आमच्या परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. टाकून दिलेली, अपंग, मतिमंद मुलं त्यांनी सांभाळली, वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेची आमची सहल तिथे गेली होती, आम्ही बिस्किटांचे पुडे वाटून फोटो काढून परत आलो. शंकरबाबा गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट मागत आहेत. कायद्याने मूल अठरा वर्षांचं झालं की बालगृहातून बाहेर. पण ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाला कुठे जायचं? अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू देणारा कायदा करा, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी आपल्या मुलांना बाहेर काढलं नाही. त्यातलीच एक, जन्मापासून अंध असलेल्या माला पापळकर, २०२४ मध्ये एमपीएससी पास झाल्या आणि पुढे आपल्या नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नोकरीला लागल्या. अठराव्या वर्षी दार बंद झालं असतं तर ही बातमी कुणी वाचली असती?

ही बातमी आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केली होती. मीसुद्धा, हात जोडलेल्या चित्रासकट. पण त्या उद्या आपल्या कॉलेजात आल्या तर? आपल्या सगळ्या नोटिसा स्कॅन करून टाकलेल्या असतात, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने नुसते फोटो. स्क्रीन रीडर त्यातला एक शब्द वाचू शकत नाही. आणि स्क्रीन रीडर काही महागडी चीज नाही. एनव्हीडीए फुकट मिळतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सामील झाला. गरज त्यांची, कोडही त्यांचाच. टॉवेल बांधून टेस्टिंग करायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आपल्या इमारतीला रॅम्प आहे, अप्रूव्हलसाठी लागतोच. तो संपतो तिथे एक पायरी आहे! मी मोजली, साडेसहा इंच. लिफ्ट आहे, चावी शिपाई काकांकडे, आणि काका जेवायला. हॉस्टेलला तळमजल्यावर विद्यार्थ्यांची एकही खोली नाही, तिथे स्टोअर आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. एआयसीटीईची ‘सक्षम’ म्हणून वर्षाला पन्नास हजारांची शिष्यवृत्ती आहे. मी एका सरांना विचारलं, आपल्याकडे अशी मुलं का दिसत नाहीत? ते म्हणाले, “अगं, आपल्याकडे ती येतच नाहीत, मग सोयी कुणासाठी करायच्या?” सर मनाने खरंच चांगले आहेत, बॅक लागलेल्या मुलांना रविवारी घरी बोलावून शिकवतात. म्हणूनच त्यांचं उत्तर मला जास्त लागलं. साडेसहा इंचांची पायरी चढून विचारायला कोण येणार होतं?

ती पायरी भरायला सिमेंटची दोन पोती आणि सिव्हिलची चार मुलं पुरतील. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण दरवर्षी तेच मैदान मोजतो, एकदा कॉलेज मोजून बघा. कॉम्प्युटरवाल्यांनी नोटिसा टाइप केलेल्या स्वरूपात टाकायचं मनावर घ्यावं. आणि पाचवी काठी करणाऱ्या ज्युनियर्सनी रिपोर्टसाठी माझ्याकडे यावं, मी लिहून देईन, समोसासुद्धा नको. मात्र आधी अंध विद्यालयात जाऊन यायचं, परवानगी घेऊन, आणि पहिल्या दिवशी काठी न्यायची नाही. नुसतं विचारायचं. कदाचित ते म्हणतील काठी नकोच, आम्हाला अमुक हवं. हे ‘अमुक’ काय असेल ते मला माहीत नाही, म्हणूनच जायचं.

असो. बारक्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

लेखनिक मिळाली. आमच्या वॉचमन काकांची मुलगी, आठवीतली. ती आधीपासून मेसमध्ये खेळायला यायची, बारक्याचं बोलणं तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिनेच एकदा म्हटलं, “मी लिवू का?” शाळेने अर्ज पाठवलाय. रोज रात्री जेवणं आटोपली की मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर सराव चालतो. इतिहास, विज्ञान जमलं. मराठीत भांडणं होतात. ती शुद्धलेखनाच्या चुका करते आणि तो ओरडतो, “माझे मार्क जाईन ना वं!” ती म्हणते मग तूच लिव. मग दोघं अर्धा तास बोलत नाहीत.

खरी अडचण भूमितीची. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, ती तोंडाने कशी सांगायची? तुम्ही करून बघा एकदा, शेजाऱ्याला नुसतं बोलून काढायला लावा, बोट दाखवायचं नाही. आम्ही फोर्थ सेमला मशिन ड्रॉइंग केलेल्या पोरी, आम्हाला नाही जमलं. बारक्याने स्वतःच एक रीत काढली आहे. प्रत्येक कृतीला एक शब्द. “टोक” म्हणजे कंपासचं टोक ठेव, “फाक” म्हणजे अंतर घे, “कंस” म्हणजे फिरव, “जोड” म्हणजे पट्टी लाव. मागच्या आठवड्यात पहिली स्पर्शिका बरोबर आली. बावीस मिनिटं लागली, ती बारावर आणायची आहे.

कंपास मात्र ढिला आहे, फिरवताना अंतर सरकतं. कुणाकडे जुना घट्ट कंपास पडला असेल तर मेसमध्ये काकूंकडे द्या. गुरुवारच्या आत दिलात तर बरं, शुक्रवारी पूर्वपरीक्षेचा गणित भाग दोन आहे.